पावसाळ्यात मॉडेल गाडीचा क्लिअर कोट पांढरा पडतो, तेव्हा काय तपासायचं

आषाढ लागला की मला बडोद्यातल्या मॉडेलवाल्या मित्रांचे फोटो येऊ लागतात, आणि फोटो बहुतेक एकाच गोष्टीचे असतात. १/२५ मापातली १९३२ ची फोर्ड कूप, पुढची चाकं लहान, मागची मोठी, छप्पर कापून बसकं केलेलं, बॉडी काळी कुळकुळीत. आणि त्या काळ्यावर बॉनेटपासून डिकीपर्यंत दुधाळ झाक. खाली प्रश्न: "दादा, क्लिअर खराब निघाला का?"

क्लिअर, म्हणजे रंगावर शेवटी मारायचा पारदर्शक लॅकर, बहुतेक वेळा चांगला असतो. तो डबा फेकू नका आणि लगेच दुसरा मागवूही नका. हा दोष मी बऱ्याच गाड्यांवरून काढला आहे आणि बहुतेकदा कारण रंगात नाही, हवेत सापडतं. खालच्या तपासण्या त्याच क्रमाने दिल्या आहेत, फुकटच्या आधी आणि खर्चाच्या शेवटी. पहिल्या दोन नीट केल्या तर पुढच्यांची गरज फार थोड्या लोकांना पडते.

आधी दोष ओळखा

खरी पांढरी झाक, जिला पेंटर लोक ब्लशिंग म्हणतात, ती क्लिअर मारल्यावर काही मिनिटांत चढते. मारताना चमक उत्तम दिसते, वाळू लागताच ती धूसर होते. छप्पर, दरवाजे, डिकीचं झाकण अशा सपाट जागी, जिथे थर जाड बसला आहे तिथे ती जास्त दिसते. बोट फिरवलं तर पृष्ठभाग गुळगुळीतच लागतो, आणि हीच मुख्य खूण.

काळा, गडद निळा, मरून यांवर ती लगेच डोळ्यांत भरते. पांढऱ्या किंवा क्रीम रंगावर दिसत नाही, फक्त चमक मेलेली वाटते. सगळ्यात वाईट हाल कँडी रंगाचे होतात. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात जो बेलन यांच्या नावाशी जोडला गेलेला तो कँडी ॲपल लाल आठवा: खाली सोनेरी किंवा चंदेरी थर, वर पारदर्शक लाल, त्यावर क्लिअर. उजेड वरून आत जातो, खालच्या धातूच्या थरावर आपटून परत येतो, म्हणून तो रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. मध्ये कुठेही झाक अडकली की उजेड तिथेच विखुरतो आणि लाल रंग विटकरी दिसायला लागतो.

आता यासारखे दिसणारे पण वेगळे दोष. बोटाला खरखर लागली आणि पांढरटपणा छपराच्या खालच्या कडेला किंवा चाकाच्या कमानीत असला, तर रंग हवेतच वाळून बॉडीवर भुकटी होऊन बसला आहे. हे आपल्याकडे पावसाळ्यात कमी, एप्रिल-मेमध्ये जास्त होतं. पांढरं फक्त काचेच्या कडेला किंवा क्रोमच्या भागाजवळ असेल, तर ते इन्स्टंट ग्लूच्या वाफेचं आहे. काचा बसवायला साधा पांढरा फेव्हिकॉल वापरा, तो त्रास संपेल. बारीक चिरांची जाळी दिसत असेल, तर तिखट थिनरने उघडं प्लास्टिक खाल्लं आहे आणि प्रायमर कमी पडला आहे. गोल खड्डे किंवा टिपके असतील, तर थेट कंप्रेसरच्या तपासणीकडे जा.

हे होतं का

माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने तुमची बॉडीही गार होते. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूखाली गेला की हवेतली वाफ ओल्या रंगावर दव होऊन बसते. ते पाणी रंगातल्या राळेला मिसळू देत नाही, आत अतिसूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्या उजेड विखुरतात. तीच झाक.

आकडे पाहिले की बडोद्याचा पावसाळा का नडतो ते कळतं. हवा ३० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे १८ अंशांवर असतो. बॉडी १२ अंशांनी गार व्हायला हवी, तेवढी ती सहसा होत नाही. आर्द्रता ८० टक्के झाली की दवबिंदू २६ वर येतो. आता ४ अंशांचा फरक पुरतो, आणि रंगाचा एक जाड ओला हात, म्हणजे थर, तेवढं गार सहज करतो.

हॉट रॉडचं, म्हणजे वेगासाठी बदललेल्या अशा जुन्या गाड्यांचं, मूळ दक्षिण कॅलिफोर्नियात आहे. मुरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तलावांच्या पात्रांत ही पोरं जुन्या फोर्ड सोलून, मडगार्ड काढून पळवायची. रंगकामाचे बरेचसे व्हिडिओही तसल्याच कोरड्या हवेत केलेले असतात. "दहा-दहा मिनिटांनी दोन ओले हात मारा" ही कृती तिथे बरोबर आहे. विश्वामित्रीकाठी श्रावणात ती तशीच्या तशी चालत नाही, आणि त्यात तुमच्या हाताचा दोष नाही.

१. घड्याळ पाहा

ही तपासणी फुकट आहे आणि सर्वात जास्त उपयोगाची आहे. आपल्यातले बहुतेक जण जेवणं आटोपल्यावर, रात्री दहाच्या पुढे रंगकामाला बसतात. पावसाळ्यात ती सगळ्यात वाईट वेळ. हवेतलं पाणी दिवसभरात फारसं बदलत नाही, तापमान बदलतं. दवबिंदू २६ धरा. रात्री हवा २७ अंशांवर आली की आर्द्रता ९४ टक्क्यांच्या आसपास जाते आणि तुमच्या हाती जेमतेम एक अंश उरतो. त्याच दिवशी दुपारी उघडीप पडून ३३ अंश झाले, तर आर्द्रता ६७ वर उतरते आणि सात अंशांची मोकळीक मिळते. हवा तीच, डबा तोच, निकाल वेगळा.

म्हणून पावसाळ्यात क्लिअर मारायचाच असेल तर रविवारी दुपारी दोन ते चारमध्ये, आणि पाऊस थांबून दोन-तीन तास झालेले असताना मारा. काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. ६० टक्क्यांखाली मी निर्धास्त मारतो. ६० ते ७० मध्ये पातळ हात आणि संथ थिनर. ७० च्या वर लॅकर क्लिअर मारत नाही.

माझं मत विचाराल तर बॉडीचं रंगकाम दिवाळी ते होळीत उरकावं. उत्तरायणाच्या सुमाराची कोरडी हवा रंगाला फार मानवते. पावसाळ्यात छप्पर कापणं, खांब जुळवणं, पुट्टी भरून घासणं, चेसिस बसवणं, फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनला स्पार्क प्लगच्या वायरी ओढणं ही कामं करावीत. ती काही कमी नाहीत.

२. बॉडी गार किंवा ओली तर नाही ना

ही गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. बॉडी एसीच्या खोलीत २४ अंशांवर ठेवलेली असते आणि रंग मारायला आपण ती गॅलरीत नेतो. बाहेर दवबिंदू २६ असेल, तर रंगाचा थेंब पडण्याआधीच तिच्यावर दव धरलेलं असतं. प्लास्टिकवर ते डोळ्यांना दिसत नाही. खात्री करायला बॉडीशेजारी एक स्टीलची वाटी ठेवा आणि दोन्ही एकदम बाहेर न्या. वाटी धुरकटली तर थांबा. अर्धा-पाऊण तास बॉडी बाहेर, धूळ बसणार नाही अशी झाकून ठेवा आणि मग मारा.

दुसरं, वॉटर पेपरने घासल्यावर राहिलेलं पाणी. १९३२ च्या फोर्डला बॉनेटच्या बाजूंना उभ्या फटींची रांग असते. त्या फटी, दरवाज्याच्या रेघा, डिकीच्या बिजागऱ्या यांत पाणी तासन् तास टिकतं. वरून बॉडी कोरडी वाटते आणि क्लिअर मारल्यावर फक्त त्या रेघांच्या कडेला पांढरं उमटतं. झाक रेघा धरून आली असेल तर कारण हेच समजा. कोरड्या एअरब्रशने प्रत्येक फट फुंकून काढा, मग बॉडी रात्रभर ठेवा.

३. हात आणि कॅन

स्प्रे कॅन मारत असाल तर आतला वायू सुटताना स्वतःही गार होतो, आणि सलग मारत राहिलात तर कॅन हाताला थंड लागतो. कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं कॅन उभा ठेवून, कोरडा पुसून, हलवून मारा. कोमट म्हणजे हात आरामात बुडेल इतकंच. गॅसवर, गिझरच्या गरम पाण्यात किंवा उन्हात गाडीच्या काचेमागे कॅन कधीही ठेवू नका, तो फुटतो.

थर पातळ ठेवा. जितका थर ओला तितका थिनर जास्त उडणार आणि तितकी बॉडी गार होणार. दमट दिवशी पहिले दोन हात नुसते शिंपडल्यासारखे, मध्ये पंधरा-वीस मिनिटं, आणि मग एकच बेताचा ओला हात. याने चमक थोडी कमी येते, पण ती पॉलिशने भरून निघते. अडकलेलं पाणी पॉलिशने निघत नाही.

४. थिनर

इथून खर्च सुरू होतो. हार्डवेअरच्या दुकानात सुट्टा मिळणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर स्वस्त असतो, पण तो झटकन उडतो आणि पॉलिस्टायरिन प्लास्टिकला चावतो. एअरब्रश धुवायला तो उत्तम आहे. क्लिअरमध्ये घालू नका.

घालायचा तो संथ उडणारा. मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर किंवा तामियाचा रिटार्डर प्रकारचा लॅकर थिनर, दोन्हींत उडण्याचा वेग कमी करणारं द्रव्य आधीच असतं. रंग जास्त वेळ ओला राहतो, हळूहळू गार होतो आणि पाणी बसलंच तर त्याला बाहेर पडायला वेळ मिळतो. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात सुटा रिटार्डरही मिळतो. तो दहा भाग थिनरला एक भाग, त्याहून जास्त नाही. लोभाने जास्त घातला तर ओघळ येतात, रंग आठवडाभर मऊ राहतो, आणि जास्त वेळ ओला राहिलेला थिनर पातळ प्रायमरमधून उतरून प्लास्टिक खातो.

चाचणी कधीही बॉडीवर घेऊ नका. पूर्वी प्लास्टिकच्या चमच्यांवर घ्यायचो, पण १ जुलै २०२२ पासून त्या चमच्यांवर बंदी आहे. हॉट रॉडवाल्यांना त्यांची गरजही नाही. हायबॉय पद्धतीची, म्हणजे बिनमडगार्डची, गाडी केली की किटमधली चारही मडगार्ड उरतात. प्लास्टिक तेच, वळणंही बॉडीसारखीच. त्यांना बॉडीसोबत तोच प्रायमर, तोच रंग द्या आणि क्लिअरचा पहिला हात नेहमी मडगार्डवर मारा. वीस मिनिटं थांबा. मडगार्ड स्वच्छ राहिलं तरच बॉडी हातात घ्या.

कॅनमधला क्लिअरच वापरायचा असेल तर तो स्ट्रॉ लावून काचेच्या बाटलीत काढता येतो. झाकण सैल ठेवून काही तास विरघळलेला वायू निघू द्या, नाहीतर रंगात बुडबुडे येतात. मग लेव्हलिंग थिनर घालून एअरब्रशने मारा. काम वाढतं, पण दमट दिवसांत कॅनपेक्षा याचा निकाल कितीतरी चांगला येतो.

५. कंप्रेसरमधलं पाणी

पांढरी झाक सगळीकडे सारखी नसून टिपक्यांची असेल, किंवा एअरब्रश मधेच थुंकत असेल, तर पाणी हवेच्या नळीतून येतं आहे. कंप्रेसर हवा दाबतो, हवा तापते, टाकीत आणि नळीत गार होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन साचते. पावसाळ्यात हे पाणी तुम्हाला वाटतं त्याहून बरंच असतं.

एअरब्रशमध्ये रंग न घालता नुसती हवा दोन मिनिटं एका कोरड्या काचेवर सोडा. काच ओली झाली किंवा ठिपके दिसले तर उत्तर मिळालं. टाकीतला दाब उतरवून तळाचा ड्रेन कॉक उघडा, सगळं पाणी जाऊ द्या, आणि पावसाळ्यात हे प्रत्येक बैठकीनंतर करा. पाणी अडवणारा फिल्टर कंप्रेसरला चिकटून असेल तर हवा तिथे अजून गरम असते आणि वाफ तशीच पुढे निघून जाते. मध्ये दोन-तीन मीटर नळी टाकून फिल्टर एअरब्रशच्या बाजूला आणा. काचेवर तेलकट डाग दिसले तर ते पाणी नाही, कंप्रेसरचं तेल आहे, आणि रंगातले गोल खड्डे त्याचेच.

६. वाळवण्याची जागा

एसी ड्राय मोडवर ठेवला की खोलीची आर्द्रता चांगली उतरते. पण बंद एसी खोलीत लॅकर मारू नका. त्याची वाफ पेट घेते आणि फुप्फुसांनाही वाईट. एक्झॉस्ट असलेल्या बूथमध्ये मारा, किंवा हवा खेळती असलेल्या जागी. संध्याकाळी देवघरात समई असते, स्वयंपाकघरात गॅस असतो, कुणी उदबत्ती लावतं; घरात सांगून ठेवा आणि वाफ जाईपर्यंत दारं लावून घ्या. तोंडाला कार्बन काडतुसाचा मास्क हवा. कापडी किंवा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही.

अर्ध्या तासाने बॉडी घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात, तळाला सिलिका जेल घालून ठेवा. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतं. फळं सुकवायचं यंत्र असेल तर ४० अंशांपर्यंत चालेल. डब्यात बल्ब लावून भट्टी करण्याचे प्रयोग करू नका, ओल्या लॅकरशेजारी ते धोक्याचं आहे.

झाक आलीच, तर

आधी काहीही करू नका. दुसऱ्या दिवशीच्या कोरड्या दुपारपर्यंत थांबा. हलकी झाक कित्येकदा आपोआप उतरते.

राहिली तर नुसता लेव्हलिंग थिनर एअरब्रशमध्ये घ्या, साधारण १५ पीएसआय दाब, वीस-पंचवीस सेंटीमीटर अंतर, आणि धुक्यासारखा एक हलका हात. वरचा थर किंचित विरघळतो, अडकलेल्या पोकळ्या मिटतात आणि काळा रंग तुमच्या डोळ्यांदेखत परत येतो. पृष्ठभाग ओला दिसू लागला की तिथेच हात थांबवा. ज्वाळांचे डीकॅल (चिकटवायची चित्रं) लावलेले असतील तर आणखी हलका, नाहीतर डीकॅल सुरकुततं. आणि हेही आधी मडगार्डवर.

त्यानेही गेली नाही तर एका कोपऱ्यात २००० नंबरच्या वॉटर पेपरने घासून पॉलिश करून बघा. स्वच्छ झालं तर झाक वरच्या थरात आहे, पूर्ण बॉडी तशी घासा. पॉलिश करूनही धूसरच राहिलं तर ती खोलवर, रंग आणि क्लिअरच्या मध्ये आहे. तिथे वरून आणखी क्लिअर चढवण्याचा उपयोग नाही. काचा आणि क्रोम काढा, बॉडी झाकणाच्या डब्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवा, हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने रंग सोडवा. प्रायमर चिवट असतो, राहिला तर राहू द्या.

कुठे थांबायचं

कंप्रेसर घरगुती असेल, फ्रिजच्या कंप्रेसरला जुनं सिलिंडर जोडून केलेला, आणि त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह नसेल किंवा ड्रेन कॉकमधून गंजाचं लाल पाणी येत असेल, तर तो बंद करा. आतून गंजलेली टाकी वेल्डिंग करून वापरायची नसते. मकरपुरा जीआयडीसीच्या बाजूला कंप्रेसरची कामं करणाऱ्या माणसाला दाखवा. कंप्रेसरला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. मास्क लावूनही डोकं गरगरतं, छाती भरते, खोकला थांबत नाही, तर रंगकाम थांबवून डॉक्टरकडे जा.

हार्डनर घालायचा टू-के क्लिअर पावसाळ्यात भुरळ घालतो, कारण त्याची चमक अप्रतिम येते. तो घरी मारू नका. हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो, आणि त्याला वास जाणवत नसल्याने साधा कार्बन मास्क कधी निकामी झाला हे कळत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. हे काम गाड्यांच्या चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे, ज्याच्याकडे बूथ आहे त्याच्याकडे द्या. बॉडीसोबत रंग दिलेलं एक मडगार्ड न्या आणि आधी त्याच्यावर मारायला सांगा. गन लहान, दाब कमी, हात दोनच. आणि बॉडी त्याच्या भट्टीत घालू देऊ नका. तिथे ६० अंशांच्या आसपास तापवतात, कापून बारीक केलेले छपराचे खांब त्यात वाकू शकतात. दोन दिवस बूथमध्ये तशीच राहू दे, असं स्पष्ट सांगून या.